लिंबोणीखालचा कोळसा

मी एक जुना कोळसा आहे. हसू नका मित्रांनो! शेगडीत जळून राख होणाऱ्यांतला मी नाही. एका शाळेच्या मागच्या अंगणात, लिंबोणीच्या मुळांशी, मी मातीत राहतो.

पूर्वी मी फांदी होतो. छाटणीनंतर शाळेच्या माळीकाकांनी मला झाकणाच्या पिंपात कोंडून, फारशी हवा लागू न देता भाजलं. बाहेर आलो तो काळाठिक्कर, हलका आणि अंगभर बारीक भोकं घेऊन.

तेव्हा शाळेची नवी खोली नुकतीच बांधून झाली होती. सहा महिने मालाचे ट्रक अंगणातून ये-जा करत होते. माती दबून दगड झाली. सकाळी ओतलेलं बादलीभर पाणी दुपारच्या घंटेपर्यंत वरच साचलेलं दिसे, आणि खाली मुळं गुदमरत. काकांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी लावलेली लिंबोणी वाळू लागली.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, "काका, तुम्ही निवृत्त होईपर्यंत थांबते. नाही सुधारली, तर तोडून फरशी घालू."

हाती एकच वर्ष होतं. काकांनी पहारीने झाडाभोवती खोल भोकं पाडली आणि आमचे तुकडे मातीत मिसळून भरले. पाणी मुरू लागलं, पण पानं आणखीच पिवळी पडली!

"कोळसा उगाळावा तितका काळाच," बाई म्हणाल्या. मला फार लाज वाटली. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची थोरली बहीण, अक्का, झाड बघायला आली.

"कोरडाच घातलास?"

"हो. का गं?"

"अरे, उपाशी माणसाला वाढायला उभं केलंस, तर तो आधी स्वतःच जेवणार ना! खताच्या पाण्यात भिजव त्याला."

खरंच होतं ते. झाडाच्या तोंडचा घास मीच गिळत होतो. काकांनी आम्हाला खुरप्याने उकरून काढलं, दोन आठवडे खताच्या पाण्यात ठेवलं आणि पुन्हा भरलं. आता पोट भरलेलं होतं, मग मीही मुकाट्याने वाढायच्या कामाला लागलो.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी स्वतः बादली ओतली. पाणी भराभर खाली उतरलं. फांद्यांवर कोवळी पानं होती.

"फरशी नको," बाई म्हणाल्या. "पण काका, उद्यापासून हिला पाणी कोण घालणार?"

"मी येईन की. नोकरी सुटली बाई, झाड कुठं सुटलंय?"

मित्रांनो, मुळांवरून गाड्या नेऊ नका. दबलेली माती मोकळी व्हायला वर्ष लागतं, आणि प्रत्येक झाडाला काका असतातच असं नाही.