स्वेटर घातलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, पण मला बिचारी म्हणायचं काम नाही. माझी एक बिजागरी तुटलेली आहे, तळाला भेग आहे आणि आत जुन्या मेणाचा वास आहे. त्या वासाचा मला भारी तोरा आहे, कारण घर शोधत फिरणारा मधमाश्यांचा थवा त्या वासानेच माझ्याकडे येतो.

एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला बनवलं आणि मी एका भावाबहिणीच्या मधाच्या कामाला लागले. फुलांच्या दिवसांत आम्हा पेट्यांना उंच टांगायचं, थवे धरायचे आणि फुलं सरली की उतरवून सोड्याच्या गरम पाण्याने घासायचं, ही दादाची रीत. मेणाचा कण म्हणून ठेवायचा नाही! मग पुढच्या वर्षी थवे का येत नाहीत म्हणून हाच कपाळाला आठ्या घालून बसायचा.

एका वर्षी शेजारच्या बागेत औषध फवारलं आणि आठवड्याभरात आमच्या सगळ्या मधमाश्या मेल्या. दादाने काम बंद करायचं ठरवलं. ताईने महिनाअखेरपर्यंतची मुदत मागितली आणि मला न घासता जिन्याच्या खिडकीबाहेर टांगलं. हंगाम संपून दोन महिने झाले होते. जिन्यातून जाणारा येणारा हसायचा. हसा म्हटलं, तुमचं काय जातंय!

अन् एका थंड दुपारी थवा आला. रस्ता रुंद करताना मोठं झाड तोडलं होतं, त्याच्या ढोलीतल्या मधमाश्या उघड्यावर पडल्या होत्या. जेमतेम मूठभर होत्या.

दादा म्हणाला, "या दिवसांत आलेला थवा म्हणजे मरायलाच आलेला."

"मरू देत," ताई म्हणाली, "पण माझ्याकडे उपाशी नाही मरणार."

ती रोज वाटीभर साखरेचा पाक आत ठेवायची. कुणी बुडू नये म्हणून त्यात काड्या टाकायची. थंडी वाढली तशी तिने मला दादाचा लोकरी स्वेटर घातला. दादा तो घरभर शोधत होता.

मग अकरा दिवस माझ्या दारातून एकही मधमाशी बाहेर आली नाही. महिना संपला. दादा मला उतरवायला आला, स्वतःचा स्वेटर ओळखून पुटपुटला आणि दोर सोडायला वाकला. त्याचा कान माझ्या फळीला लागला. आत बारीक गुणगुण चालू होती. मग त्याने दोराची गाठ पुन्हा आवळली, स्वेटरचं सुटलेलं बटण लावलं आणि ताईला हाक मारून विचारलं, "आजचा पाक दिलास का गं?"

फुलं आली तेव्हा मी मधमाश्यांनी काठोकाठ भरले होते.

म्हणून सांगते मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला घासून चकचकीत करू नका. आणि कॅलेंडर बघून उतरवू तर मुळीच नका. बेघर झालेलं कुणी महिना विचारून येत नाही. मी इथेच टांगलेली बरी.