टेबलावरचा चाप

एवारिस्तो कुरिन हट्टी आहे असं कुणी म्हटलं की हुनिन गावातले लोक हसायचे, कारण ते चिमेउइन नदी ओली आहे असं सांगण्यासारखंच होतं. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस स्वयंपाकघराच्या एकाच खिडकीपाशी, एकाच टेबलाला बसून ट्राउट मासे धरायच्या गळांवर खोट्या माश्या बांधत आला होता. टेबलाच्या कडेला छोटा लोखंडी चाप कसलेला. चापात गळ धरायचा, त्यावर सशाची लव आणि तांबड्या कोंबड्याच्या मानेवरची पिसं रेशमी दोऱ्याने वेढून बसवायची, पुढे दोऱ्याचंच बारीक डोकं करायचं आणि गाठ मारायची. ती माशी पाण्यात पडली की माणसालाही घटकाभर जिवंत वाटावी. तळ्यातले मोठे तपकिरी ट्राउट अंडी घालायला नदीत येतात ते पानगळीत, आणि त्या दिवसांत गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणारा गावातला एकही वाटाड्या एवारिस्तोच्या माश्यांशिवाय होडी पाण्यात लोटत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला. कडेकडेचं दिसे. दाराची चौकट, किटलीची वाफ, समोरच्याचे बूट. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई. नेउकेन शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता परत यायचं नाही. त्याने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, मुलीला तर नाहीच. बोटांना सगळं पाठ आहे, डोळे हवेत कशाला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मात्र स्वतःशी एक करारही केला. ज्या दिवशी एक जरी माशी सुटली म्हणून किंवा वाकडी आहे म्हणून परत येईल, त्या दिवशी चाप काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही. चाप निघाला की या घरात आपल्याला बसायला जागाच उरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. सकाळी टेबलापाशी खुर्ची ओढताना त्याला रोज त्याची भीती वाटायची.

दोन हंगाम गेले, तिसरा संपत आला. एकही माशी परत आली नाही.

उलट कौतुकच व्हायला लागलं. बासिलियो हा त्याच्या बरोबरीचा वाटाड्या, अजूनही होडी वल्हवणारा आणि जिभेने तिखट. एकदा तो माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, प्यायला म्हणून आला आणि अर्धी किटली संपेपर्यंत माश्यांबद्दलच बोलत राहिला.

“म्हाताऱ्या, तू डोळ्यांत तेल घालून बांधतोस की काय?” तो म्हणाला. “एवढं बारीक डोकं तर तू चाळिशीतसुद्धा बांधत नव्हतास.”

“तू आपली होडी सांभाळ,” एवारिस्तो म्हणाला. “गिऱ्हाइकांचे पाय भिजतात असं ऐकलंय.”

पण बासिलियो गेल्यावर तो आठवडाभर त्या एका वाक्यावर जगला. खोटं कशाला सांगा, छाती फुगली होती त्याची. डोळ्यांवाचून आपण पूर्वीपेक्षा चांगलं बांधतो आहोत, आणि ते कुणाला सांगताही येत नाही, एवढंच काय ते दुःख.

दर शनिवारी त्याची मुलगी देल्फिना यायची, पिठापासून सरपणापर्यंत सगळं आणून द्यायची आणि आठवड्याच्या माश्यांचा डबा घेऊन जायची. तो डबा वाटाड्यांपर्यंत तीच पोचवत असे. ती स्वतःही वाटाडी होती. चाळिशी उलटली तरी त्या नदीवर तिच्यासारखी होडी कुणी चालवत नसे. ती माश्या मात्र बांधत नव्हती, आणि त्यामागे जुनी गोष्ट होती. देल्फिना डावरी. अकरा वर्षांची असताना बाप घरी नाही असं बघून ती चापापाशी बसली आणि तेवढ्यात तो आला. उजव्या हाताचा माणूस दोरा गळाच्या वरून पलीकडे टाकतो आणि खालून आपल्याकडे आणतो. डावऱ्याचा वेढा बरोबर उलटा पडतो. एकाने अर्धी सोडलेली माशी दुसऱ्याने पुढे वेढायला घेतली की बांधली जायच्या ऐवजी सुटतच जाते. त्या दिवशी त्याची अर्धवट माशी तिच्या हातात अशीच सुटत होती. “डावऱ्या हाताचं हे काम नव्हे,” तो म्हणाला होता. “ऊठ तिथून.” ती उठली आणि परत कधी बसली नाही. पुढे तिने वल्ही हातात घेतली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. वल्ह्याला दोन्ही हात सारखेच.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी ती त्याला नदीवर घेऊन गेली. दरवर्षी न्यायची. काठावरचे पॉप्लर पिवळे धमक झाले होते आणि वारा आला की पानं पाण्यावर उतरत होती. उंच बूट चढवून तो तिचा खांदा धरून गुडघाभर पाण्यात उतरला. दोराला माशी तिनेच अडकवली. थंडीने माझी बोटं आखडली आहेत असं तो म्हणाला आणि तिनेही ते मान्य केलं.

“माझीच लावलीस ना?” त्याने विचारलं.

“कालच्या डब्यातली आहे,” ती म्हणाली.

गळाच्या काठीने दोर फेकायला डोळे लागत नाहीत. दोर मागे सरळ झाला की मनगटाला कळतं. चौथ्या-पाचव्या फेकीला, खडकामागच्या खोल पाण्यात दोर थांबला आणि मग जड झाला. मासा मोठा होता. त्याने एवारिस्तोला दहा पावलं खाली ओढत नेलं, देल्फिना त्याच्या पट्ट्याला धरून मागोमाग. शेवटी मासा जवळ आला तेव्हा त्याने हात ओले करून त्याला पोटाखालून धरलं. पुढे वळलेला जबडा बोटांना लागला. नर होता, म्हातारा. गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला, म्हणून गळ अलगद निघाला. एवारिस्तोने माशाचं तोंड प्रवाहाकडे धरून ठेवलं, आणि शेपटीत जोर आल्यावर सोडून दिलं. कितीतरी दिवसांत तो इतका सुखावला नव्हता.

माशी मात्र चावली गेली होती. डोक्यापाशी दात लागून गाठ तुटली होती आणि दोऱ्याचं टोक लोंबत होतं. अशी माशी तो जन्मभर नदीत उभ्या उभ्याच दुरुस्त करत आला होता. दोऱ्याला थुंकी लावायची, चार वेढे, एक गाठ. त्याने गळ डाव्या चिमटीत धरला आणि दोरा वरून पलीकडे टाकला.

वेढा सैल झाला. त्याने पुन्हा टाकला. आणखी सैल. पिसाचं बूड हलायला लागलं.

तो थांबला. मग त्याने दोरा उलट्या बाजूने, आपल्याकडे ओढत फिरवला आणि तो घट्ट बसला.

“काय झालं?” देल्फिनाने विचारलं.

“काही नाही. दुसरी दे.”

तिने दिली. त्याने ती दोराला लावायला परत न देता तोंडात धरली, दाताने गाठ तोडली आणि टोक बोटाने उलगडून पाहिलं. तीही उलट्या वेढ्यांची. तिसरी मागितली तेव्हा देल्फिनाने डबा उघडलाच नाही. ती प्रवाहात तशीच उभी राहिली. ती रडते आहे की नाही हे त्याला दिसत नव्हतं, कारण तो सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

घरी आल्यावर त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. थेट टेबलापाशी जाऊन चापाचा स्क्रू सोडवायला लागला. चव्वेचाळीस वर्षांचा गंज होता. स्क्रू करकरत फिरला.

“बाबा, नका काढू,” देल्फिना दारातून म्हणाली.

“किती बांधल्यास?”

“पहिल्या वर्षी निम्म्या.”

“मग सगळ्या.”

“हो. सगळ्या.”

मग तिने जे सांगितलं ते तो पाठमोरा ऐकत राहिला. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी त्याने गरम पाणी मातेच्या वाटीत ओतायच्या ऐवजी शेजारी ओतलं, ते तिने पाहिलं होतं. त्याच दिवशी डब्यातली एक माशी तिच्या हातात सुटली. तेव्हापासून तो डबा आधी तिच्या घरी जाई. रोज पहाटे, गिऱ्हाइकांना नदीवर न्यायच्या आधी, ती त्याचे वेढे ब्लेडने कापायची आणि त्याचाच गळ, त्याचीच लव, त्याचीच पिसं घेऊन नव्याने बांधायची. बांधायला ती आपल्या घरी, कुणाला न सांगता, कधीच शिकली होती.

“एक जरी परत आली असती तरी तुम्ही हा चाप काढला असता,” ती म्हणाली. “मी काय ओळखत नाही तुम्हाला? मला तुम्ही इथे बसलेले हवे होतात.”

त्याला आधी राग आला. तीन वर्षं त्याला लहान मुलासारखं खेळवलं होतं. मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा जड होती. बासिलियोच्या त्या वाक्यावर तो आठवडाभर जगला होता, आणि ते वाक्य त्याचं नव्हतंच.

“बासिलियो म्हणतो, एवढं बारीक डोकं मी चाळिशीतसुद्धा बांधत नव्हतो.”

“तो काहीही बोलतो.”

“खरं बोलतो तो.”

चाप सुटून हातात आला. देल्फिनाने तोंड फिरवलं. एवारिस्तोने तो लोखंडाचा तुकडा थोडा वेळ छातीशी धरून ठेवला, मग टेबलाची कड चाचपत चाचपत दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे त्याचं तोंड उलट्या बाजूला करून तो पुन्हा कसला. हलवून पाहिला, पक्का होता. मग त्याने खुर्ची ओढली.

“बस,” तो म्हणाला.

“आत्ता कशाला?”

“मी तुला इथून उठवलं होतं. बस.”

ती बसली. त्याने गळांच्या डबीतून एक गळ चाचपून काढून तिच्या हातात दिला, मग दोरा, मग कोंबड्याचं पीस. ती काम सुरू करेपर्यंत तो बाजूला उभा राहिला. मग त्याने आपली दोन बोटं तिच्या डाव्या हातावर हलकेच टेकवली, अडथळा होणार नाही इतपतच.

“हळू फिरव,” तो म्हणाला. “मला बघू दे.”