आयफेलचं एकुलतं एक गिऱ्हाईक

वर्षभर वणवण करून सुखदेवला एकच गिऱ्हाईक गवसलं, तेही जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात. फ्राउ लोरेन्झ, घोडेवाली. त्याच्या टेक्सासच्या कंपनीनं ड्युसेलडॉर्फला ऑफिस थाटलं ते घोडे न्यायचे गूजनेक ट्रेलर खपवायला. पिकअपच्या हौद्यात मधोमध लोखंडी गोळा बसवायचा, त्यावर ट्रेलरची लांब मान वरून येऊन टेकते. तिकडे म्हणे ऐसपैस रस्ते आणि घरोघरी हेच. इथली माणसं हौद्यात सरपण नाहीतर अवजारं भरतात आणि ट्रेलर मागच्या हुकाला अडकवतात. हे साहेबाला सांगून सांगून सुखदेवच्या तोंडाला फेस आला. साहेबाचं उत्तर एकच: या आठवड्यात ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर ऑफिसला टाळं.

"अहो, आज सही घेऊनच या," अरुणानं निघताना बजावलं होतं. लेकीचं, क्रांतीचं, आबिटूरचं, म्हणजे इथल्या बारावीचं वर्ष. ऑफिस बंद पडून आता बिऱ्हाड हलवायचं म्हणजे पोरीच्या अभ्यासाची माती.

फ्राउ लोरेन्झ पेन काढून तयारच होत्या. पण या माणसाची खोड वाईट! रस्ता टेपनं मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तबेल्याकडून गावात उतरताना दोन जुन्या घरांच्या मध्ये वळण होतं. लांब ट्रेलर वळताना कोपरा आतून कापतो, म्हणजे भिंत घासणार ती घासणारच. त्यात बाईंच्या पिकअपचा हौदा गवतानं शिगोशीग भरलेला.

"हे गवत रोज नेता?"

"हो, वरच्या कुरणात. घोड्यांबरोबर."

झालं! मान हौद्यावर आली की गवत ठेवायचं कुठे? मरू दे, आपल्याला काय, असं त्याच्या मनात आलं. गप्प बसला असता तर निभावलंही असतं. पण घोडे आत असताना त्या वळणावर ही बाई अडकलेली त्याला दिसायला लागली, आणि त्याचा जीवच शिणला.

"आल्झो, म्हणजे असं बघा," तो टेप गुंडाळत म्हणाला, "घेऊ नका. मागच्या हुकाचा साधा ट्रेलर बघा."

"तो तुम्ही विकता?"

"नाही हो. आम्ही फक्त हाच विकतो."

गाडीत बसून त्यानं अरुणाला फोन लावला.

"झाली सही?"

"नाही गं. मीच नको म्हणालो."

"धन्य आहे तुमची!" अरुणा कडाडली. मग रडली. जरा वेळानं नाक ओढत म्हणाली, "क्रांतीला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."