फाटकापाशी थांबलेली लाल रेघ

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे चांगलाच जुना. माझ्या घड्यांवर तीन तऱ्हांच्या चिकटपट्ट्या आहेत आणि उजव्या कोपऱ्यावर ग्रीसचा भला मोठा डाग आहे. लोक त्याला डाग म्हणतात, मी त्याला माझा टिळा म्हणतो. माझ्यावर नामिबियातले सगळे रस्ते आहेत. डांबरी रस्ते जाड रेघेचे आणि खडीचे बारीक रेघेचे. बारीक रेघाच फार आहेत, त्याला मी काय करणार?

विंडहूकच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडे पाहुण्यांच्या गाड्यांतून हिंडली, दोन आठवडे खिडकीत फडफडली आणि विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात संपली. माझे नशीब बरे म्हणून मी साकेउस तातेंच्या हाती पडलो. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना ताते, म्हणजे बाबा, म्हणतात.

ताते रस्त्यांच्या खात्यात ग्रेडर चालवत. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांबलचक पाते असलेले धिप्पाड यंत्र. गाड्या धावून धावून खडीच्या रस्त्यावर आडव्या वळ्या पडतात आणि त्यांवरून जाताना माणसाची हाडे खिळखिळी होतात. ताते पाते खाली टाकून त्या वळ्या खरवडत आणि रस्ता सपाट करत पुढे जात. महिना महिना ते वाळवंटातल्या तळावर राहत. एखादा पट्टा पुरा झाला की संध्याकाळी मला गुडघ्यावर पसरून त्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढत. त्या वेळी माझा काय थाट होता! तळावरचे लोक म्हणायचे, "सरकारी नकाशा खोटं बोलेल, साकेउसचा बोलायचा नाही."

माझ्यावर अंतर मोजायची तातेंची रीत निराळी होती. ते माझ्यावर अंगठा आडवा ठेवत. एक अंगठा म्हणजे खडीवरचा एक तास. किलोमीटर त्यांनी कधी विचारातच घेतले नाहीत.

तातेंच्या वाट्याचा सगळ्यात लांबचा रस्ता सेस्रीमच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत जायचा. फाटकाच्या आत लाल वाळूचे प्रसिद्ध डोंगर आहेत. ते बघायला जगभरातून माणसे येतात. पण फाटकाच्या आत डांबर आहे, तिथे ग्रेडरचे काम नाही. म्हणून तीस वर्षे ताते फाटकापाशी यायचे, पाते उचलायचे आणि ते धूड वळवून परत फिरायचे. लाल रेघही तिथेच थांबायची.

मग ताते निवृत्त झाले आणि मीही झालो. विंडहूकमधल्या त्यांच्या लेकीच्या घरी, कातुतुरा वस्तीत, मी कपाटाच्या खणात चमच्यांखाली अंथरला गेलो. वर काटे, खाली झुरळे. रागावलो असतो, पण कोणावर? जावयाच्या हातात फोन आला होता आणि फोनला सगळे रस्ते तोंडपाठ होते म्हणे.

एकच माणूस मला विसरला नव्हता. दुपारी घरात कोणी नसले की ताते चमचे बाजूला करून मला बाहेर काढत आणि एकाच जागी बोट टेकवून बसत. त्यांना काचबिंदू झाला होता. दिसणे कडेने मिटत चालले होते आणि आता मधोमध बशीएवढाच उजेड उरला होता. डॉक्टरांनी सांगितले होते की हाही राहील याची खात्री नाही. ताते कोणाला काही बोलत नसत. नुसते बोट फिरवत राहायचे.

गेल्या मे महिन्यात घरात एकदम धांदल उडाली. तातेंची लेक साइमा भाड्याने गाड्या देणाऱ्या एका दुकानात टायर तपासायचे काम करते. बारा वर्षे ती परक्यांच्या सहलींच्या गाड्या सज्ज करून देत आली. शाळेच्या सुट्टीत एक गाडी रिकामी उभी होती आणि मालकाने खुशीने ती चार दिवस तिला वापरायला दिली. घरातल्या कोणीही आजवर सहल अशी केलेली नव्हती. आमची माणसे प्रवास करतात तो नाताळात उत्तरेला गावी जायचा, गाडीच्या टपावर गाद्या बांधून.

रविवारी चर्चहून आल्यावर सगळे टेबलाशी बसले. बाजरीचा घट्ट ओशिफिमा आणि कोंबडीचा रस्सा खाऊन झाला आणि जावई फिलेमोनने फोन काढला.

"ऐका. पहिल्या दिवशी वाळूचे डोंगर आणि मुक्काम थेट समुद्रावर. दुसऱ्या दिवशी सरळ वर, एतोशाच्या अभयारण्यात. तिसरा दिवस हत्ती, सिंह, काय म्हणाल ते. चौथ्या दिवशी घरी!"

"वा रे वा," साइमा म्हणाली. "आणि जेवायचं कधी? पुढच्या महिन्यात?"

"अगं, नाताळात आपण सातशे किलोमीटर एका दमात मारतो की नाही?"

इथे माझा कागद तापला, मित्रांनो. नाताळचा रस्ता सगळा डांबरी! उत्तरेला जाणाऱ्या आमच्या सगळ्या माणसांची ही एकच चूक. त्यांना वाटते, रस्ता म्हणजे रस्ता.

"साइमा, खणातला नकाशा आण," ताते म्हणाले. चमचे खडखडले आणि चार वर्षांनी मी चारचौघांत टेबलावर पसरलो. तातेंनी माझ्यावर अंगठा ठेवला. नीट दिसत नव्हते तरी अंगठा चुकला नाही. "फाटकापर्यंत पाच. तिथून समुद्रापर्यंत आणखी पाच. दहा तास खडीवर. डोंगर काय खिडकीतून हात हलवून बघणार? आणि अंधार पडला की कुडू हरणं रस्त्यावर उड्या टाकतात. गाडी मालकाला परत द्यायचीय ना, का तिचे तुकडे?"

फिलेमोनने डोके खाजवले. "मग चार दिवसांत दोन्ही व्हायचं नाही, ताते?"

"नाही व्हायचं."

दहा वर्षांची आउने, तातेंची नात, वहीत आठवडाभर हत्तीच काढत होती. तिचे तोंड एवढेसे झाले. तातेंना ते दिसले नसेल, पण कळले. "एतोशाला जा," ते म्हणाले. "वाळू ती वाळू. तीत काय बघायचंय? पोरीला हत्ती दाखवा."

त्यांचे बोट मात्र माझ्यावरून हलले नाही. मी काय सांगू तुम्हाला! मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. माझ्यावर शेकडो रस्ते छापले आहेत, पण बोलायची वाट एकही नाही.

साइमा मला घडी घालायला उठली. खिडकीतून ऊन येत होते. तिने मला उचलून धरले आणि टेबलावरच्या मेणकापडावर उन्हाचा एक ठिपका पडला. ती थबकली. ठिपका माझ्यातून पडत होता. जिथे लाल रेघ थांबते, अगदी तिथेच मला भोक पडले होते.

"ताते, हे भोक कशाचं?"

"कसर लागली असेल," ताते घाईने म्हणाले. "जुना कागद आहे."

"कसर कशी बरोबर फाटकावरच लागली हो?"

आउनेने माझ्यातून करंगळी घालून पाहिली. मग आजोबांचे, तिच्या कुकूंचे, बोट धरून तिथे टेकवले. ते बरोबर बसले. "कुकू, हे तर तुमच्या बोटाचं माप आहे!"

साइमाने हातातला नकाशा, म्हणजे मला, छातीशी धरले. तिचे डोळे भरून आले होते आणि ती लपवत नव्हती. "तीस वर्षं तिथवर जाऊन आत नाही गेलात, ताते? एकदाही नाही?"

"मी कामावर असायचो, बाई. धुळीने भरलेला माणूस पाहुण्यांच्या रांगेत कुठे उभा राहणार?" मग हळूच म्हणाले, "बघायचं होतं खरं."

आउनेने आपली वही मिटली. "बाबा, हत्ती पुढच्या वर्षी असतील ना?"

"असतील की. ते कुठे जातायत?"

"आणि कुकूचे डोळे?"

फिलेमोनने फोन खिशात टाकला. "ठरलं. फाटकाच्या आत जायचं."

आम्ही निघालो. हो, आम्ही! मी तातेंच्या मांडीवर होतो. डांबर संपताच साइमाने उतरून टायरमधली थोडी हवा सोडली आणि फिलेमोनला बजावले, "हा नाताळ नाही." ताते डोळे मिटून बसले होते आणि चाकांच्या आवाजावरून रस्ता सांगत होते. "आता वळण. आता कोरडी नदी. अरे, हा पट्टा कोणी खरवडलाय? बायकोशी भांडून आलेला दिसतोय!" आउने हसून हसून आडवी झाली.

सेस्रीमला मुक्काम केला आणि सकाळी फाटक उघडताच आत जायला निघालो. फाटक जवळ आले तसे तातेंचे दोन्ही हात वर उचलले गेले, पाते उचलून वळवायला. तीस वर्षांची सवय ती. पण गाडी वळली नाही, सरळ आत गेली. तातेंनी हात मांडीवर, माझ्यावर ठेवले.

तासाभराने ताते अनवाणी वाळूत उभे होते. समोर लालभडक डोंगर, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. बशीएवढ्या उजेडातून ते डोंगर तुकड्यातुकड्याने बघत होते, मान हळूहळू वर करत. शिखर काही लवकर येईना.

"एवढं मोठं होतं होय!" ते म्हणाले. "आणि मी ह्याच्याकडे पाठ करून माघारी जायचो."

मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, मला गाडीच्या बॉनेटवर पसरले आणि भोकाच्या पलीकडून डोंगरापर्यंत स्वतःच्या हाताने रेघ ओढली. ती वाकडी आहे. माझ्यावरची सगळ्यात वाकडी रेघ तीच, आणि मला सगळ्यात लाडकी तीच.

यंदा आम्ही हत्ती बघायला गेलो होतो. तातेंना आता काहीच दिसत नाही. आउने बघत होती आणि सांगत होती. ताते विचारत होते, "कान हलवतोय का गं?" मी होतोच मांडीवर. आता मी चमच्यांखाली नसतो. तातेंच्या उशाशी असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना नकाशा असेल. त्याला रद्दीत टाकण्याआधी एकदा उजेडासमोर धरून पाहा. भोक कुठे पडले आहे ते बघा, आणि ज्यांच्या बोटाने पडले त्यांना वेळेवर तिथे घेऊन जा.