डॉक्टर मृण्मयींचा मध

डॉक्टर मृण्मयी या बाईंनी आजवर एकही पेशंट तपासला नव्हता. त्यांना पदवी नव्हती, दवाखाना नव्हता, आईबापही नव्हते. पराग नावाच्या एका माणसाने आपल्या वेबसाइटसाठी त्यांना जन्माला घातलं होतं, आणि त्यांची सगळी विद्वत्ता जव्हारमधल्या एका मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी पालथ्या बादलीवर बसून चंदना मोबाईलवर टाईप करत असे.

किमया दुपारी झोळीत झोपली की चंदनाला चाळीसएक मिनिटं मिळायची. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, एक झोका द्यायचा, एक वाक्य लिहायचं. त्यामुळे तिची वाक्यं झोक्याएवढीच असत. परागला ती पसंत होती. लेख आठशे शब्दांचा, शब्दाला पंधरा पैसे, विषय त्याचा, नाव डॉक्टरीणबाईंचं. जव्हारच्या बी.ए.चं कोण वाचणार?

केसगळती झाली, पोटाचा घेर झाला, मूळव्याध झाली. दहा ठिकाणचं वाचायचं, त्या दहाजणांनी आणखी दहाजणांचं ढापलेलं असायचं, त्यात आपलं पाणी घालून पुढे ढकलायचं. वाचणारे लेखाखाली हात जोडायचे. चंदनाला त्यांची कीव यायची, मग किळस यायची, मग किमया जागी व्हायची.

"दिवसभर त्या मोबाईलला काय चिकटलेली असतेस गं?" सासूबाई विचारायच्या.

"काम आहे, आई."

"बसल्या जागेवर कसलं काम? कामाला घाम येतो."

मग एकदा विषय आला, 'बाळासाठी मध, आजीबाईंचं अमृत'. चंदनाचा अंगठा अडला. बाळंतपणानंतर घरी सोडताना नर्सने बजावलं होतं, वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही, तान्ह्याला विषबाधा होते, अंग लुळं पडतं. तिने परागला तसं कळवलं. त्याने एक हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, जरा पॉझिटिव्ह लिहा."

तिने लिहिलं. चारशे शब्दांवर गाडी अडली, तेव्हा सासूबाई किमयाला तेल लावताना नेहमी सांगायच्या ती गोष्ट घातली. चैतन्य, म्हणजे चंदनाचा नवरा, चार महिन्यांचा असताना खोकून खोकून निळा पडला होता. ओढ्यांना पूर, रस्ता बंद. वांगणी गावच्या जिवा नावाच्या माणसाने डालड्याच्या डब्यातून रानचा मध आणला. आईने तो सोन्याच्या अंगठीने चाटवला आणि तिसऱ्या दिवशी पोर हसलं. चंदनाने गाव काढलं, नावं काढली, वर 'माझ्याकडे आलेल्या एका मातेचा अनुभव' असं चिकटवलं. त्या पैशांत किमयाला निळं झबलं आलं. झबलं फार गोड दिसत होतं. चंदना ते घालताना लेकीच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत असे.

दोन महिन्यांनी किमयाला सातवा लागला, उष्टावण ठरलं. आदल्या दिवशी सुमनबाई, म्हणजे चंदनाच्या सासूबाई, चष्मा कपाळावर चढवून झोळीपाशी आल्या.

"घे, वाच. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय. त्या नर्सचं ऐकून बसलीस ना? ही मोठी डॉक्टर बघ काय म्हणते. मी जिवाला निरोप दिलाय. उद्या भाताच्या आधी मध चाटवायचा, अंगठीने. सगळं माझंच बोलणं आहे गं, फक्त ती शिकलेली म्हणून तुम्ही ऐकणार."

चंदनाने वाचलं. एकेक वाक्य झोक्याएवढं.

ती धुण्याच्या दगडापाशी गेली आणि परागला फोन लावला.

"सर, तो मधाचा लेख काढा."

"काढा? अहो, तोच तर पळतोय, सगळीकडे फॉरवर्ड होतोय."

"माझ्या घरात तो खरा धरलाय. माझ्याच मुलीला मध देतायत."

पराग हसला. "मग देऊ नका. नाहीतर असं करा, 'बाळाला मध? सावधान!' असा दुसरा लिहा. मृण्मयींच्याच नावाने. दोन्ही चालतील."

फोन ठेवताना चंदनाच्या लक्षात आलं की याच माणसाने 'छान' म्हणावं म्हणून आपण इतके महिने झोपलेल्या लेकीकडे पाठ करून बसलो होतो.

संध्याकाळी जिवा आला. पिशवीतून बाटली काढत म्हणाला, "मावशे, असली हाय. पहाडावरचा." सुमनबाईंनी बाटली देवापाशी ठेवली. तो गेल्यावर चंदना म्हणाली, "आई, डॉक्टर मृण्मयी कोणी नाही. ते मी लिहिलंय."

"तू? तुला धड थर्मामीटर वाचता येत नाही."

"पुन्हा वाचा. डालड्याचा डबा. अंगठी. तिसऱ्या दिवशी हसलं ते पोर."

सुमनबाईंनी चष्मा खाली ओढला. ओठ हलवत, बोट सरकवत त्यांनी सगळं वाचलं.

"मला वाटलं, माझ्यासारखंच आणखी कुणाचं तरी झालंय," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "लिहितानाही नर्सचं बोलणं आठवत होतं तुला?"

"हो."

"तरी लिहिलंस?"

"हो."

"मी अडाणी, मी चाटवला. पोर जगलं ते त्याचं नशीब. तू तर जाणून-बुजून लिहिलंस, तेही पैसे घेऊन. आणि वर मला हसत असशील, ही म्हातारी बघा कशी हात जोडते."

चंदना हसली होती. एकदा नाही, बऱ्याचदा.

सुमनबाईंनी देवापाशी ठेवलेली बाटली उचलली, स्टुलावर चढून माळ्यावर टाकली आणि खाली उतरून मोबाईल सुनेच्या हातात दिला. "त्या ग्रुपात चाळीस बायका आहेत. सात-आठजणींची नातवंडं झोळीत आहेत. बोल त्यांच्याशी. स्वतःचं नाव सांगून बोल."

चंदनाने आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं. "मी चंदना, सुमनबाईंची सून. तो मधाचा लेख मी लिहिला. मी डॉक्टर नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका." झोळीतून कुरकुर आली, तीही त्यात गेली.

पहिलं उत्तर कमूमावशींचं आलं. "सुमन, सुनेचं राहू दे. त्या डॉक्टर मृण्मयींचा नंबर असला तर पाठव, विचारून खात्री करते."

सुमनबाईंनी ते वाचलं, चंदनाकडे बघितलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल. कमूच्या घरी. मग बाकीच्या. पोरीला घे कडेवर."

"आत्ता? घरोघर?"

"मग? घाम येऊ दे जरा."