रिकाम्या फेऱ्यातली शून्यं

वहीतली शून्यं बघूनच मला मळमळलं.

आमचं काम सोपं आहे. काचेच्या गोळ्यात क्लोरीन सोडायचा, क्लोरीनशी ज्याच्या अभिक्रियेचा वेग मोजायचा त्या रसायनाची वाफ सोडायची, दिवा लावायचा आणि दर दहा मिनिटांनी काय उरलं ते मोजायचं. त्याआधी मात्र नुसता क्लोरीन तासभर दिव्याखाली ठेवून बघायचा. थोडाफार तो आपोआप घटतोच, तेवढं मग वजा करायचं. याला आम्ही रिकामा फेरा म्हणतो. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी काच धुते, तोट्या बसवते. शून्य घट एकदाही पाहिली नव्हती, आणि इथल्या विद्यार्थिनीच्या, जोनालिनच्या, वहीत सलग अकरा शून्यं.

शुक्रवारी तिची पदवीची तोंडी परीक्षा होती. त्या पानावर तंत्रज्ञ म्हणून माझी सही लागणार होती.

"करून टाका सही, मिला," तिचे मार्गदर्शक डॉक्टर बाल्तासार म्हणाले. मोजमापाच्या टेबलावरच बिबिंगका, तांदळाचा केक, उघडून ते खोबरं लागलेली बोटं चाटत होते. "रिकामा फेरा वाचतंय कोण? पोरीचा आलेख बघा, कसा सरळ आलाय."

"सरळ तर फूटपट्टीही असते, डॉक्टर."

ते हसले आणि त्याच ओल्या बोटांनी त्यांनी वहीचं पान उलटलं. मला शिसारी आली.

ते गेल्यावर मी स्वतः फेरा लावला. तासाभरात एक तृतीयांश क्लोरीन गायब. म्हणजे पोरीने दोन वर्षं मोजलेल्या वेगात भलत्याच कशाचा तरी वाटा होता. मी तोटी उपसली. आतलं ग्रीस पिवळं पडलं होतं, फणसाच्या चिकासारखं बोटांना चिकटलं, आणि आंबट, कुजका वास आला.

जोनालिन माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याला मीच तिला हातांवर घेतलं होतं, तेव्हापासून मी तिची निनांग. ती आल्याबरोबर मी वही तिच्यापुढे टाकली.

"शून्य कुठून आणलंस गं?"

"निनांग, जाऊ द्या ना."

"जाऊ कसं देऊ? खोटं लिहायला त्या बोटचाट्याने शिकवलं?"

"आधी खरंच लिहिलं होतं मी." तिने वही मिटली. "मग डॉक्टर म्हणाले, तोटीला पंपाचं ग्रीस तुझ्या निनांगने लावलंय. बाहेर कळलं तर म्हातारपणी तिची शोभा होईल. मला इथे तुम्ही आणलंत. तुम्हाला चारचौघांत मान खाली घालायला लावू?"

खरं होतं. क्लोरीन न खाणारं चांगलं ग्रीस संपलं तेव्हा दोन दिवसांपुरतं म्हणून पंपाचं मीच लावलं होतं. आणि विसरून गेले. ज्या घाणीसाठी मी दुसऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते, ती माझ्या हातची होती. स्वतःचीच किळस आली मला.

"शुक्रवार होऊ दे, मग गुपचूप बदलू ग्रीस," ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

मी अकराही शून्यं खोडली, खरा आकडा लिहिला. खाली लिहिलं, पंपाचं ग्रीस मी लावलं, आणि सही केली. म्हणजे शुक्रवारची परीक्षा हुकली. सगळी मोजणी पहिल्यापासून, म्हणजे आणखी वर्षभर.

जोनालिनने ते वाचलं, पिशवी उचलली. निघताना रोजच्यासारखी आशीर्वादासाठी वाकून माझा हात आपल्या कपाळाला लावायला पुढे आली. तीनदा साबणाने धुतला होता, तरी मी तो मागे घेतला.