मूळ फाइल पाठवा

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या हरिशंकरपुरम कॉलनीत भाजीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता रिटायर झाल्यावर मी करते. आणि फोटो काढते. जंगलात जायला गुडघे तयार नाहीत, म्हणून गल्लीतलंच काय ते: शेवग्याच्या फुलांवर येणारे शिंजीर पक्षी, थंडीत नळाच्या डबक्यापाशी शेपटी हलवणारे धोबी, आणि दोन वर्षांपासून शेजारच्या दौलतसिंहरावांच्या गच्चीवरची गव्हाणी घुबडं. जिन्याच्या खोलीला वर एक झरोका आहे, त्यात ती जोडी राहते. पांढरं, पत्त्यातल्या बदामासारखं तोंड. कितीही बघा, मन भरत नाही.

दौलतसिंहरावांना ती मुळीच नको होती. विजयाबाई, त्यांची बायको, घुबडं आली त्याच वर्षी गेल्या. तेराव्याला आलेल्या मेहुण्याने झरोक्याकडे बोट दाखवून "यामुळेच" म्हटलं आणि दौलतसिंहराव विटा-सिमेंट घेऊन वर चढले. मी माझ्या गच्चीवरून भांडले. "अहो, विजयाबाईंना शुगर होती, घुबडाने काय केलं?" बोलू नये ते मी बोलले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विटा खाली नेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं नमस्कारापुरतं.

यंदा सप्टेंबरात झरोक्यात तीन पिल्लं झाली. रात्रभर फुसफुस, कुकरची शिट्टी अडकल्यासारखी. त्या तिघांचा ओळीने बसलेला फोटो मी आमच्या लश्कर भागातल्या मराठी मंडळाच्या स्पर्धेत पाठवला, 'अंगणातला शरद' असा विषय होता. पहिला नंबर आला! मंडळाचा ग्रुप सांभाळणारी सीमंतिनी म्हणाली, "काकू, मोठा प्रिंट काढायचाय. मूळ फाइल पाठवा ना, डॉक्युमेंट करके. ऐसे तो फट जाता है." मी फाइल थेट ग्रुपवरच टाकली. एकशे ऐंशी माणसं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

दिवाळी जवळ आली की आमच्या भागात घुबडांवर संक्रांत येते. लक्ष्मीचं वाहन म्हणून अमावस्येला त्यांचा बळी देणारे मांत्रिक आहेत, आणि त्यांना पक्षी पकडून देणारेही आहेत. कायद्याने गुन्हा आहे, तरी चालतं. म्हणून त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी कॅमेरा घेऊन गच्चीवर पहारा देत होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी लेन्समधून बघते तर काय, दौलतसिंहराव शिडीवर! हाताला फडकं गुंडाळलेलं, खाली वेताची टोपली. त्यांनी झरोक्यात हात घातला, एक पिल्लू काढलं, मग दुसरं, मग तिसरं. खाली उतरून टोपलीवर पोतं टाकलं आणि ती घेऊन जिन्याच्या खोलीआड दिसेनासे झाले.

माझं डोकंच फिरलं. फटाफट अकरा फोटो काढले. त्यातला सर्वात स्पष्ट, ज्यात त्यांचं तोंड आणि पिल्लाचा पंख दोन्ही दिसत होतं, तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली हिंदीत लिहिलं, 'देख लीजिए, दिवाली पर उल्लू के बच्चे कौन बेच रहा है.' तोच फोटो जोडून वनखात्याला तक्रार ठोकली, नावपत्त्यासकट. सकाळी ते दूध घ्यायला फाटकात आले तेव्हा दूधवाल्यासमोर, अख्ख्या गल्लीसमोर मी ओरडले, "लाज नाही वाटत? तीन जीव विकलेत!" ते दूधही न घेता आत गेले आणि दार लावून घेतलं. चोर तो चोर, वर मिजास, असं मी मनात म्हटलं.

दुपारी तीनला माझी बेल वाजली. दारात दोन माणसं, इस्त्रीचे शर्ट, एकाच्या हातात मिठाईचा डबा.

"नमस्ते आंटीजी. फोटो तो कमाल का लिया है आपने."

त्याने मोबाइल पुढे धरला. माझी तीन पिल्लं. मी विचारलं, कुठून मिळाला? तो नुसता हसला, अंगठ्याने फोटो वर सरकवला, आणि खाली नकाशा उघडला. नकाशावर आमची गल्ली होती आणि लाल ठिपका बरोबर माझ्या छतावर. माझा कॅमेरा मोबाइलला जोडलेला असतो. फोटो कुठे काढला ते मूळ फाइलमध्ये आपोआप लिहिलं जातं, आणि साधा फोटो पाठवला की ते पुसलं जातं, फाइल पाठवली की तसंच राहतं. हे मला माहीत होतं हो! पण पहिल्या नंबराच्या नादात डोक्यात आलंच नाही.

पत्ता मीच दिला होता.

"बच्चे किस तरफ हैं?" दुसरा माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत म्हणाला.

"उड़ गये."

"इतनी जल्दी?" पहिल्याने डबा माझ्या हातात कोंबला. "सोच लीजिए. कल फिर आते हैं." त्यांची मोटरसायकल वळणाआड जाईपर्यंत मी दाराला धरून उभी होते. डबा नालीत फेकला आणि तशीच अनवाणी दौलतसिंहरावांकडे पळाले.

दार त्यांनी दोन मिनिटांनी उघडलं.

"ते दोघं माझ्याकडे आले होते," मी म्हटलं. "पिल्लं कुठे आहेत?"

"चार दिवस झाले, गल्लीत फिरतायत. सगळ्यांच्या छतांकडे बघत." दौलतसिंहराव वर निघाले, मी मागून. गच्चीच्या कोपऱ्यात विजयाबाईंची पापड-लोणच्यांची कोठी आहे, तिच्यात टोपली होती. तिन्ही पिल्लं फुसफुसत मागे सरकली. वरची खिडकी उघडी. "झरोका रस्त्यावरून दिसतो, ही खिडकी दिसत नाही. काल रात्री आई तीनदा आली. उंदीर घेऊन."

"मला सांगायचं तरी!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं."

तेवढ्यात खाली जीप थांबली. माझ्या तक्रारीवर वनखात्याच्या बाई आल्या होत्या, विनिता नावाच्या, सोबत एक शिपाई आणि जाळीचा पिंजरा. हातात माझ्या फोटोचा प्रिंट.

मी सगळं भडाभडा सांगितलं. चूक माझी, यांनी वाचवलीत, तक्रार मागे घेते, लिहून देते.

"शिकायत वापस हो जाएगी," त्या म्हणाल्या. "फोटो कैसे वापस लेंगी? इसमें ये घोंसले से बच्चे निकाल रहे हैं, और बच्चे इनके घर में मिले."

"आई येते इथे. यांनी बघितलंय. देखा है इन्होंने!"

"मैंने नहीं देखा." बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं: अंधार पडेपर्यंत थांबते. आई माझ्या डोळ्यांसमोर येऊन भरवून गेली तर पिल्लं इथेच राहतील, दिवाळी होईपर्यंत माझा माणूस पहाऱ्याला. नाही आली तर पिल्लं पिंजऱ्यात, आणि यांच्यावर केस. "हाथ से पाले हुए तीन में से एक बचता है, मैडम. मुझे भी अच्छा नहीं लगता."

आम्ही तिघं पाण्याच्या टाकीमागे बसलो. सूर्य खाली गेला. आणि गल्लीत फटाक्यांची पहिली लड लागली. मग दुसरी. धनत्रयोदशी, घराघरांतून पोरं बाहेर, सुतळी बॉम्ब, धूर. समोरच्या निलगिरीवर एक पांढरी सावली येऊन बसली. मी लेन्समधून बघितलं, चोचीत उंदीर. ती झेपावणार एवढ्यात बॉम्ब फुटला आणि ती मागे फिरली. टोपलीत पिल्लं भुकेने ओरडत होती, पहाटेपासून पोटात काही नाही. पाच मिनिटांनी ती पुन्हा आली, पुन्हा उडाली. विनिताबाईंनी घड्याळ बघितलं.

खाली जाऊन ओरडले तर कोण ऐकणार? सकाळीच ओरडून बसले होते. मी मोबाइल काढला. कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या फोटोखाली त्रेपन्न मेसेज होते, ते मी वाचले आणि मला माझीच किळस आली. मग लिहिलं. 'दौलतसिंहजी चोर नहीं हैं. बच्चे उन्होंने बचाए. शिकारियों को पता मैंने दिया, मेरी फाइल से गया. मैंने झूठ फैलाया. बच्चों की माँ दाना लेकर सामने पेड़ पर बैठी है और पटाखों से डर रही है. आधा घंटा रुक जाइए, हाथ जोड़ती हूँ. सुनंदा.' आणि पाठवून दिलं. दौलतसिंहरावांच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी मोबाइल काढला, वाचला, परत ठेवला.

बॉम्ब चालूच. एक, दोन. मग कुठल्याशा बाईचा आवाज आला, "अरे बस करो रे!" एक दार आपटलं. कोणीतरी लडीवर पाणी ओतलं असावं, चर्रर्र झालं. हळूहळू एकेका घराकडून आवाज बंद होत गेला. आमच्या गल्लीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. फक्त पिल्लांची फुसफुस.

ये ग बाई, मी म्हणत होते, मोठ्याने की मनात, कोण जाणे. अंधार इतका झाला होता की निलगिरी दिसेना. विनिताबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. मी त्यांची बाही धरली.

आली. आवाज नाही, काही नाही, एकदम खिडकीत. पांढरं तोंड आमच्याकडे वळलं, क्षणभर थांबलं, मग ती आत वाकली. आत एकच गलका. ती गेली, आणि थोड्या वेळाने दुसरा उंदीर घेऊन पुन्हा आली. विनिताबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर शूटिंग केलं, माझ्या फोटोचा प्रिंट चार घड्या करून खिशात घातला आणि शिपायाला म्हणाल्या, "पिंजरा जीप में रख दो. तुम यहीं रुकोगे."

मला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून रडले, घुबड बिचकू नये म्हणून. मग डोळे पुसून दौलतसिंहरावांकडे वळले. हात जोडले. "दौलतसिंहराव, मी..."

ते खिडकीकडेच बघत होते.

"पिल्लांची आई आली," ते म्हणाले. "आता तुम्ही घरी जा, सुनंदाबाई. आणि परत या गच्चीवर येऊ नका."

मी चपला शोधल्या. घालून आलेच नव्हते. तशीच जिना उतरले.